न पिकणारा टोमॅटो

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाकडेही गावाहून आंब्याची पेटी आली की ती आधी बाबांपुढे यायची. बाबा एकेक आंबा देठाशी हुंगायचे, पेंढ्यात आढी लावून द्यायचे आणि "मंगळवारी खा," असं फर्मान काढायचे. सोमवारी त्या आंब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. गिरणी कधीच बंद पडली होती, नंतरची वॉचमनची नोकरीही संपली, पण हे पद शाबूत राहिलं.

मी नोकरी करते तीही फळं कशी पिकतात हे शोधणाऱ्या प्रयोगशाळेत. "पगार हिला, नि आंबे पिकवतो मी," असं बाबा चारचौघांत म्हणायचे. गेल्या मे महिन्यात पाहुण्यांसमोर म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या फेकायच्या ढिगातून एक हिरवा टोमॅटो आणून मी त्यांच्या हातावर ठेवला.

"हा पिकवून दाखवा."

"ह्यो? चार दिवस, गो बाय."

तो पिकणारा नव्हताच. साधा टोमॅटो जून झाला की स्वतःच एथिलीन नावाचा वायू तयार करू लागतो. तो वायू पुन्हा तोच वायू बनवणाऱ्या जनुकांना डिवचतो, त्यातून आणखी वायू, आणि बघता बघता फळ लालबुंद. या जातीत त्या जनुकांना चालू करणारं वरचं जनुकच बिघडलेलं असतं. बाहेरून कितीही वायू द्या, हा ढिम्म. मला सगळं माहीत होतं आणि मी तोंड मिटून बसले. चार दिवस गंमत बघू, एवढाच माझा विचार.

टोमॅटो पेंढ्यातून तांदळाच्या डब्यात गेला. तिथून पेपरात गुंडाळून पिकल्या केळ्यांच्या मधोमध. केळी काळी पडली, टोमॅटो तसाच. बाबा तो खिशात घालून भायखळ्याच्या भाजीबाजारात गेले. तिथल्या व्यापाऱ्याने दाबून पाहिला आणि प्लास्टिकचा आहे म्हणून परत दिला. समोरच्या खोलीतल्या काकींनी दृष्ट काढायला सांगितली. जन्मात असल्या गोष्टी न मानणाऱ्या बाबांनी टोमॅटोवरून मीठमोहऱ्या उतरवल्या. मी मोरीत जाऊन हसून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात तो जेमतेम पिवळट झाला, पण बोट काही रुतेना. त्याच सुमाराला काकींची पेटी आली. बाबांनी झाकणसुद्धा उघडलं नाही.

"घेऊन जा, वहिनी. माझा हात गेला आता."

रात्रीचं जेवण त्यांनी अर्ध्यावर टाकलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी कबूल करायला मला आणखी आठवडा लागला. मी जनुकाचं सगळं सांगितलं. बाबांनी टोमॅटो हातात घेतला.

"म्हणजे पिकायचं त्याला कळतच नाही?"

"नाही."

"आणि तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत?"

"हो."

"मग जा. वहिनींना सांग आणि पेटी परत घेऊन ये."

काकींच्या खोलीत शिरले तर ताटभर कोयी आणि साली. आंबे पिकून, खाऊन संपलेसुद्धा होते.

"आढी कुणी लावली?" मी विचारलं.

"कसली आढी? पलंगाखाली पेटी सरकवली नि विसरले."

"मग दर वर्षी बाबांकडे का आणता?"

"तू एवढी शिकलेली ना गं? आंबा काय कुणाच्या हाताने पिकतो?" काकींनी हळूच दार लोटलं. "गिरणी बंद झाली तेव्हा तुझे बाबा खोलीबाहेर पडेनात. कुणाशी बोलेनात. माझ्या सासऱ्यांनी आमची पेटी नेऊन त्यांच्यापुढे ठेवली, म्हणाले, आम्हाला जमत नाही, तूच बघ. मग सगळा मजलाच नेऊ लागला."

मी म्हणाले, "पण ते पेटीची वाट बघत बसलेत."

काकींनी साली पिशवीत भरल्या, तोंड पुसलं आणि चपला घातल्या. "त्यांना सांग, आंबे अजून हिरवेच आहेत, काकी संध्याकाळी आणून देतील. आणि तूही चल."

दादरचा फळवाला आमच्यावर जाम वैतागला. तो पिकलेले, वास सुटलेले आंबे पुढे करत होता आणि आम्ही दोघी ते बाजूला सारून त्याच्याकडची सगळ्यांत कच्ची पेटी मागत होतो.