चंद्रमतीची माडी

पडदा वर जातो तेव्हा तंजावूरच्या राजवीथीमागची आमची गल्ली दिसते. कोवळं ऊन, दारापुढे तांदळाच्या पिठाचं ताजं कोलम, फाटकाला लटकलेली पाटी: माडी भाड्याने. ओट्यावर फिल्टर कॉफीचा पेला घेऊन चंद्रमती बसली आहे. समोरच्या ओट्यावर मी, रंगभूमीवरून उतरलेला म्हातारा नट, तिचा शेजारी आणि गल्लीचा मामा.

चंद्रमती समाजशास्त्राची प्राध्यापक. आधी चेन्नईत, मग परदेशात तिने एकच विषय धरून ठेवला: शहरात कातडीचा रंग पाहून घर कसं नाकारतात. एकाच घरासाठी ती दोन माणसं पाठवी, एक गोरा, एक काळा. गोऱ्याला किल्ली मिळे. काळ्याला उत्तर मिळे, "कालच दिलं." कुणाशीही बोलताना आधी नाव विचारा, हे ती विद्यार्थ्यांना बजावी. केवढा अभिमान होता मला तिचा! निवृत्त होऊन ती धाकट्या भावाकडे, श्रीकरकडे, राहायला आली होती. त्या संध्याकाळी कॉलेजात याच विषयावर तिचं भाषण होतं.

फाटकाशी एक आफ्रिकन विद्यार्थी आला. पाटीकडे बोट करून त्याने इंग्रजीत चौकशी केली.

आतून श्रीकरने पाहिलं. माणूस भला. पण परक्यासमोर घरातलं बोलायचं तर मराठीत, ही इथल्या आम्हा मराठी लोकांची जुनी सोय. तो ओरडला, "अक्का, काळा आहे गे! माडी देऊन टाकल्ही म्हणून सांगून सोड."

"हळू बोल रे."

"त्याला काय कळतंय! गल्लीतले मला विचारतील, तुला नाही."

चंद्रमतीने पेला खाली ठेवला. माडी कालच दिली, असं इंग्रजीत सांगितलं.

मुलाने पाटीकडे पाहिलं. "बरं, ताई," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "मी पुण्यात शिकलो. तिथेही कालच दिलेली असायची."

फाटकाची कडी नीट लावून तो गेला.

नाटक असतं तर इथे कुणीतरी धावत सुटलं असतं. ती उठली नाही, हाकही मारली नाही. कॉफीवर साय धरली. श्रीकर बाहेर आला, पेला उचलून आत गेला.

संध्याकाळी कॉलेजची गाडी आली. ती रेशमी पट्टू साडी नेसून गेली, लिहिलेलं भाषण होतं तसं वाचून परतली. मी फाटकाशीच विचारलं, "कसं झालं गे?"

"टाळ्या पडल्या, मामा." ती पाटीकडे बघत होती. "त्याचं नाव विचारलंच नाही मी."