नानांचा सालदार राक्षस

आमच्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जुगार खेळला तर कुणी जुगारी म्हणत नाही. वर्षभर पत्त्यांना हात न लावणारे देवभोळे लोकही त्या दिवसांत लिंबाखाली सतरंजी टाकून बसतात आणि घरच्या बायका कुरकुर न करता चहा पाठवतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, खापरावर मांडे होतात, आमरसाची पातेली भरतात. आणि एक नियम आमच्या गावात सगळे पाळायचे. आखाजीत कुणी पैज लावली तर मागे सरायचं नाही, आणि हरलं तर हरलं, रडायचं नाही. माझं सगळं शिक्षण या एका नियमावर उभं आहे. हसू नका, खरं सांगतेय.

गाव चोपड्याजवळचं. ऐंशीचं दशक संपत आलेलं. दहावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते आणि निकालाआधीच ठरवून टाकलं होतं, अकरावी सायन्स जळगावला, मुलींच्या होस्टेलवर राहून. नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनीही ठरवलं होतं. नाही म्हणजे नाही. का नाही, ते विचारलं तर "जळगाव काय परसदार शे का?" एवढंच उत्तर. माझी थोरली बहीण, अक्का, दहावीनंतरच्याच उन्हाळ्यात लग्न होऊन अमळनेरला गेली होती. तिचा मांडव ज्या लिंबाखाली पडला, त्या लिंबाकडे आता मला बघवत नव्हतं. मी नानांशी बोलणं टाकलं. पण नाना केळीच्या नादात, त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. मग त्याचा वेगळा राग.

त्या आखाजीला अक्का माहेरी आली होती, आणि पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला आमचा आतेभाऊही आला होता. तो होस्टेलवरून एक खेळ शिकून आला होता. ना पाट, ना पत्ते, ना सोंगट्या. सगळा खेळ बोलण्यात.

"मी सांगणार तुम्ही कुठे आहात आणि समोर काय आहे," तो म्हणाला. "तुम्ही सांगायचं, तुम्ही काय करता. जमलं की फसलं, ते फासे सांगतील."

त्याच्याकडचा पुष्कळ बाजूंचा फासा म्हणे एसटीत पडला. आईने जुन्या सारीपाटातल्या कवड्या काढून दिल्या. निम्म्याहून जास्त उताण्या पडल्या की काम फत्ते, नाही तर बोंबला.

दुपारचं जेवण झालं आणि आम्ही ओट्यावर बसलो. समोर लिंबाला झोका, पण त्या उन्हात झोक्यावर कोण बसणार? आतेभावाने आवाज खोल केला. सातपुड्याच्या पोटात एक शहर आहे. मोठमोठे वाडे, बाजार, देवळं, सगळं धरणीकंपात खाली गेलं. आता तिथे पडक्या भिंती, आंधळे साप आणि एक राक्षस. अगदी मधल्या देवळात कधीही न विझणारा दिवा आहे. तो घेऊन जिवंत बाहेर यायचं.

"आणा आणा," आई आतून म्हणाली. "लाइट जाते तेव्हा कामी येईल."

प्रत्येकीने आपण कोण ते सांगायचं होतं. सासरी डोक्यावरचा पदर न ढळू देणारी माझी अक्का म्हणाली, "मला तलवार. चांगली मोठी बघून दे." मी जादूगारीण झाले. माझी धाकटी बहीण तेव्हा चौथीत होती. तिने सापांचं ऐकलं आणि ती मुंगूस झाली. आम्ही पडक्या वेशीतून खाली उतरायला लागलो तेवढ्यात नाना आले. पत्त्यात बसून कंटाळले होते, नाही तर हरले होते. खांबाला टेकून ऐकत राहिले.

"दोर कोठे शे तुमना?" त्यांनी एकदम विचारलं.

"कसला दोर, मामा?" आतेभाऊ म्हणाला.

"एवढ्या खोल उतरतात आणि दोर नही? इंजिनेर शे ना तू?" मग हसून म्हणाले, "आनि जमीनखाले सापडस काय? मुरूम!"

मला आधीच तिडीक आलेली होती. या माणसाला ज्यात त्यात आमची खोडच काढायची असते का? मी ताडकन उभी राहिले. "नाना, लावता पैज? या शहरातून मी जिवंत बाहेर आले तर मला जळगावला पाठवायचं. नाही आले तर जळगावचं नावसुद्धा काढणार नाही."

आई हात पुसत दारात आली. आखाजीचा दिवस होता, लेकीने सगळ्यांसमोर पैज लावली होती, नाही म्हणायची सोयच नव्हती. नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"लागनी," ते म्हणाले. "पन मी बी खेळसू."

त्यांचा डाव मला लगेच कळला. आत शिरून हे मला बुडवणार! हत्यार काय घेता विचारल्यावर म्हणाले, पहार आणि दोर. झाले आमच्यात सामील. आणि सुरुवातीला केलंही तसंच. आतेभाऊ म्हणाला, "डावीकडे अंधार आहे, काहीतरी फुसफुसतंय," की नाना लगेच, "पोरले तिकडे धाडा." पूल कुजका निघाला, "पहिले पोरले जाऊ द्या." माझा नुसता संताप! पण धाकटीने साप मारले, अक्काने तलवारीने दारं फोडली, आणि माझ्यासाठी टाकलेल्या कवड्या त्या दुपारी उताण्याच पडत होत्या. अक्का तर इतक्या मोठ्याने हसत होती की शेजारची काकू डोकावून गेली.

मग आम्ही खजिन्याच्या दालनात पोचलो. आतेभावाने रंगवून रंगवून सांगितलं, सोन्याच्या राशी, हिरे, मुकुट. आणि कोपऱ्यात एक पायविहीर, तळाशी थोडं पाणी चकाकतंय.

नाना पुढे सरकून बसले. "पानी कितलं खोल शे?"

"मामा, सोनं आहे सोनं!"

"राहू दे सोनं. झरा जिवंत शे का? गाळ काढेल शे का?"

झालं. तिथून पुढे आमचं शहराचं काम थांबलं आणि विहिरीचं सुरू झालं. आईही ओट्यावर येऊन बसली. दगड कोणता लागला, पाझर कोणत्या अंगाने येतो, इथे मोटार बसवली तर पाणी वर चढेल का. आतेभाऊ बिचारा जमेल तशी उत्तरं देत होता. आमच्या भागात विहिरीला पाणी लागणं म्हणजे काय ते त्याला पुण्यात राहून कुठून कळणार? शेवटी वैतागून त्याने राक्षस आणला. ताडासारखा उंच, लाल डोळे, अंगावर केस, भिंती हलवत आला आणि गरजला, "कोण आहे तिकडे?"

अक्काने तलवार उपसली. मी मंत्र म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा वं," नाना म्हणाले. ते राक्षसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होते, म्हणजे खरं तर आतेभावालाच. "गडी तगडा शे. काय रे, सालदार ऱ्हास का?"

आता आखाजी म्हणजे आमच्याकडे सालदार ठेवण्याचा दिवस. एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत वर्षभर शेतात राबणारा गडी याच दिवशी ठरतो. आमचा जुना सालदार नुकताच काम सोडून गेला होता, आणि नाना सकाळपासून त्याच विवंचनेत होते. त्यांनी राक्षसाला धान्य, कपडे, चपला, सणाची सुट्टी, सगळं तोडून सांगितलं. राक्षसाने, म्हणजे आतेभावाने, हतबल होऊन कवड्या टाकल्या. सगळ्या उताण्या!

"कप्पाळ माझं," आतेभाऊ म्हणाला. राक्षस सालदार राहिला.

मी मनातून खूश झाले. राक्षसच आपला झाला म्हटल्यावर आता काय अडणार? आम्ही त्याच्या खांद्यावर बसून मधल्या देवळात गेलो, दिवा घेतला, परत निघालो. तेवढ्यात घरात बल्ब लागला. लाइट आली होती.

"अरे, लाइट उनी," नाना म्हणाले. "केळीले पानी सोडनं पडई. राक्षसाले वर धाडा, मोटार चालू करू दे."

"मामा, त्याला नका पाठवू," आतेभाऊ म्हणाला. "पुढे लागेल तो."

"लाइट काय तुनी वाट पाहीन?" नानांनी राक्षसाला मळ्यात धाडलं. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. लाइट आल्यावर पाणी सोडायचं नाही, हे कोणत्या शहाण्याने सांगावं?

आणि मग शेवटची वेस आली. तिच्यावरचा भला मोठा दगड सुटला होता आणि हळूहळू खाली येत होता. तो फक्त राक्षसालाच पेलला असता. आणि राक्षस कुठे, तर केळीत, फावडं घेऊन!

अक्काने तलवार आडवी लावली. कवड्या टाकल्या, सगळ्या पालथ्या. तलवार मोडली. मी उरलासुरला मंत्र म्हटला. पुन्हा पालथ्या. धाकटी रडायला लागली, ती मुंगूस असूनही. आतेभावाचा चेहरा उतरला. मी पैज जिंकावी असं त्यालाही वाटत होतं, पण खेळ तो खेळ.

"एकच मार्ग आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "एकाने दगड खांद्यावर धरायचा. बाकीचे निघतील. जो धरेल तो मात्र आतच राहील."

धाकटीला आत ठेवू? का अक्काला? ती तर नुकती कुठे हसायला लागली होती. म्हणजे मीच. गेलं जळगाव. नानांनी आता नुसतं गप्प बसायचं होतं, दुसरं काही करायची गरजच नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि नाना उठले. ओट्यावर उभं राहून धोतर सावरलं, दोन्ही हात डोक्यावर ताणले, मानेच्या शिरा फुगल्या, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "निंघा बठ्ठ्या! मी धरस! निंघ वं माय, पाहस काय मना तोंडकडे!"

ते माझ्याकडे बघून ओरडत होते. आम्ही तिघी खरोखरच ओट्यावरून अंगणात उड्या मारून लिंबाखाली पळालो. कवड्या टाकायचं कुणाला सुचलंच नाही.

नाना तसेच उभे होते, हात वर, घामाने डबडबलेले. आई शांतपणे म्हणाली, "हारी गयात ना तुम्ही."

त्यांनी हात खाली घेतले. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग टोपी शोधायला लागले. "कोन हारनं?" ते पुटपुटले. "मी तर आखो मझारच शे." म्हणजे अजून आतच, दगडाखाली! आणि पाणी प्यायला आत निघून गेले.

अक्का झोक्याची दोरी धरून उभी होती. हसणं थांबलं होतं. आतेभावाला म्हणाली, "माझ्या वेळी कुठे होतास रे तू?" मला त्या क्षणी आनंदाने नाचावंसं वाटत होतं, आणि तिच्याकडे बघून रडूही येत होतं. दोन्ही एकदम करता येत नाही, म्हणून मी तिला झोक्यावर बसवलं आणि मागून जोरात झोका दिला.

नानांनी तोंडाने हो कधीच म्हटलं नाही. निकाल लागल्यावर मात्र एक पत्र्याची पेटी घेऊन आले, माझ्यापुढे आदळली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही जळगावच्या एसटीत होतो.

पुढे ते होस्टेलवर भेटायला यायचे ते केळीचा घड घेऊन. अभ्यास कसा चाललाय हे कधी विचारलं नाही. बाकावर बसून खांदा चोळायचे आणि म्हणायचे, "लवकर शिक वं. हात भरी उनात मना, दगड काय हलका शे?" आमच्या बाई एकदा काळजीने मला म्हणाल्या, "तुझे वडील खाणीत कामाला आहेत का गं?" मी हो म्हणून टाकलं. कुठे सगळं सांगत बसणार!

बी.एस्सी. झालं, बी.एड. झालं, आणि धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. रुजू होण्याआधी आखाजीला घरी गेले. नाना ओट्यावर चहा घेत बसले होते. केस पिकले होते. मी पाया पडले, ऑर्डर दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि घडी घालून मला परत दिली. डोळे भरले होते, उगाच टोपीने तोंड पुसलं.

"तू तर निंघनी," ते म्हणाले. "आते सोडू का दगड?"

समोर लिंबाच्या झोक्यावर धाकटी उभ्याने झोके घेत होती. तिची दहावीची परीक्षा झाली होती. फैजपूरकडचं एक स्थळ तिच्यासाठी सांगून आलंय, हे आईने मला दारातच कानात सांगितलं होतं.

"थांबा नाना," मी म्हणाले. "धाकटी आखो मझारच शे."

नानांनी झोक्याकडे पाहिलं. झोका वर जाऊन खाली येईपर्यंत पाहिलं.

"मंग धरस," ते म्हणाले. चहाचा कप खाली ठेवला आणि बसल्या जागी दोन्ही हात वर केले.