लॅपटॉप कशानं थांबायचा

बंद पडलेलं यंत्र मला समजतं. चालू असलेलंही समजतं. आमच्या भाडेकरू बाईंचा लॅपटॉप दोन्हींत बसत नव्हता. पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसायचं. कोपऱ्यातल्या घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झालेली असली तर ती तशीच राहायची. माउस फिरवा, बटणं बडवा, ढिम्म. आतला पंखा मात्र फिरत असायचा. मग बाई एक बटण दाबून धरायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायच्या.

मी भरे गावात राहतो. घराला लागून एक खोली हाय, ओटा आणि न्हाणीसकट. मंडळी, म्हंजी माझी बायको, वारली पावसाळ्यात. दिवाळी झाल्यावर मुलीनं माझ्या मागं लागून ती खोली भाड्यानं द्यायला लावली. "आबा, घरात माणसाचा आवाज पायजे," म्हणाली. मी म्हणालो, आवाज पायजे असला तर रेडिओ लावतो. पण तिनं ऐकलं न्हाई.

बाई अमरावतीकडच्या, तिशी ओलांडलेल्या. नवरा तिकडंच नोकरीला. यांची नोकरी नवी, बावधनच्या कुठल्याशा कंपनीत. बुधवारी तेवढं हापिसात जायचं, बाकीचे दिवस खोलीत बसून काम. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत लॅपटॉपनं काही खोडी काढली न्हाई. शिमग्याच्या आसपास थांबायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड, मग रोज.

पहिल्यांदा मला कळलं ते त्यांच्या ओरडण्यानं. "आत्ता गं बाई! पुन्हा हँग!" मी अंगणात शेंगा निवडत होतो. दारातून म्हणालो, "दुकानात टाका की."

"दुकानवाले हात नाही लावत, काका. यात लिनक्स आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे सगळ्यांच्या लॅपटॉपात असते ते नाही. हे आपलं आपणच टाकायचं, आपणच चालवायचं."

"आनि बिघडलं तर?"

"आपणच दुरुस्त करायचं."

"मंग आमच्या जुन्या डिझेल इंजनावानी हाय म्हणा की. ते बी माझ्याबिगर कुणाला चालू व्हायचं न्हाई."

त्या हसल्या. पण दोन दिवसांनी हसण्यासारखं राहिलं न्हाई. मिटिंगमध्ये बोलता बोलता लॅपटॉप थांबला, आणि साहेबाला वाटलं बाई कामाच्या वेळेत उठून गेल्या. तसं दोनदा झालं. साहेबानं सांगितलं, महिनाअखेरीच्या सोमवारी मोठी मिटिंग हाय, त्यात असं झालं तर पुढनं रोज हापिसात यायचं. भऱ्याहून रोज बावधन म्हंजी चांदणी चौकाच्या गर्दीतच अर्धं आयुष्य. बाईंनी मला तोंडावर सांगून टाकलं, "काका, मग मला खोली सोडावी लागेल. तिकडंच पाहीन काहीतरी."

मी म्हणालो, "सोडा की. भाडेकरूंना काय तोटा हाय?"

हे मी नुसतं बोललो. सकाळी त्यांच्या कुकरची शिट्टी झाली की मी उठून बसायचो. फोनवर त्या आईशी भांडायच्या ते भिंतीतून ऐकू यायचं. एकदा मला विचारलं, तुमच्याकडं भाजीत एवढं कूट काहून घालतात, आणि त्यावर आमची तासभर हुज्जत झाली. मंडळी गेल्यापासून माझ्याशी कुणी हुज्जत घातली नव्हती. भेटायला येणारे सगळे हळू आवाजात बोलायचे. बाई गेल्या असत्या तर घरात पुन्हा मी आणि ते हळू बोलणारे. मला लॅपटॉपमध्ये गोडी वाटली ती एवढ्यासाठी.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण पिरंगुटच्या कारखान्यात बरीच वर्षं वायरमनच्या हाताखाली काढली. तिथं एक शिकलो. दोष सापडत नसला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट बघायची. दोन बदलल्या आणि यंत्र चाललं, तर कशानं चाललं ते कळत न्हाई, आणि दोष आत बसून राहतो. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "काका, मी तर काल चार गोष्टी बदलल्या!"

"मंग त्या चारी परत फिरवा."

त्यांनी कपाळाला हात लावला, पण फिरवल्या. मी भिंतीवरचं कॅलेंडर त्यांच्या खोलीत नेऊन टांगलं. लॅपटॉप थांबला की त्या तारखेला फुली आणि खाली वेळ. त्या दिवशी काय बदललं तेही लिहायचं. पहिल्यांदा रॅम काढून पुसून बसवली. फुली. मग दुसऱ्या कप्प्यात बसवली. फुली. लिनक्सचा गाभा असतो म्हणे, तो जुना घातला. दोन दिवस फुली न्हाई, बाईंनी शिरा केला, आणि शिरा संपायच्या आत फुली. मला वाटलं उंदरानं वायर कुरतडली असेल, म्हणून मी भिंतीवरचा विजेचा बोर्ड खोलून बघितला. आत पालीची अंडी निघाली, दुसरं काही न्हाई.

एकदा त्यांनी मला लॅपटॉपची वही दाखवली. वही म्हंजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी. यंत्र दर घटकेला काय केलं ते आपणहून लिहून ठेवतं.

"थांबायच्या आधी काय लिवलंय बघा," मी म्हणालो.

"तेच तर! काहीच नाही. ही पाहा शेवटची ओळ, साधीच आहे. अन् ही पुढची, मी पुन्हा चालू केल्यानंतरची. मधात काही नाही."

"म्हंजी त्याला बी कळलं न्हाई?"

"कळलं असेल, काका. लिहायला वेळ नाही भेटला."

त्या दिवशी मी जेवलो न्हाई. मंडळी गेली त्या सकाळचं मी असंच ओळीनं आठवत बसायचो. उठली. चूल न्हाई, गॅसच पेटवला. ओला टॉवेल खाटेवर टाकला म्हणून मला बोलली. चहात साखर जास्त झाली म्हणाली आणि तरी पूर्ण प्याली. छातीत दुखतंय म्हणाली न्हाई, दम लागतोय म्हणाली न्हाई. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. मी विचारलं कशानं. ते म्हणाले, वय झालं होतं. वय माझं तिच्यापेक्षा जास्त हाय.

फुल्या बघता बघता दोन गोष्टी दिसल्या. बुधवारी फुली कधीच नव्हती, म्हंजी हापिसात लॅपटॉप शहाण्यासारखा वागत होता. आणि खोलीत नुसत्या बॅटरीवर चालवला त्या दिवशीही फुली न्हाई. मोठा पडदा जोडला आणि चार्जर लावला की फुली. बाई म्हणाल्या, चार्जर नवा आणते. आणला. फुली. मग सहज बोलून गेल्या, "अन् हात ठेवला की मुंग्या येऊन राहिल्या, काका. मला वाटलं टाइप करू करू येत असतील."

मी उलटा हात लॅपटॉपच्या पत्र्यावर ठेवला. वायरमन कधी सरळ हात ठेवत न्हाई, शॉक बसला की सरळ हात पत्रा आवळून धरून बसतो. बोटांच्या मागच्या बाजूनं शिरशिर वर चढली. तेवढ्यात पलीकडं माझा जुना फ्रीज घरघरला, आणि शिरशिर वाढली.

मला तितल्या तितं कळलं.

घरातल्या यंत्रांच्या अंगावर वीज येते, ती जमिनीत सोडायला एक तार असते. तिला अर्थिंग म्हणतात. परसात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून, त्यात पट्टी पुरतात आणि तार तिला जोडतात. जमीन ओली असली तरच ती वीज पोटात घेते. वाळली की घेत न्हाई, आणि मग माझ्या फ्रीजची गळकी वीज बाईंच्या लॅपटॉपच्या अंगावर जाऊन बसते. आमचा खड्डा मीच खणलेला. जागा मंडळीनं दाखवली, भांडी घासायच्या दगडाच्या उताराला. "अवं, माझं पाणी असंबी वायाच जातंय, तुमच्या तारेला पाजा," म्हणाली होती. ती दिवसातून तीनदा तितं भांडी घासायची. भर उन्हाळ्यातही ती माती कधी वाळली न्हाई.

ती गेली ती त्याच दगडावर. मी पुढच्या ओसरीत होतो. मागं नळाचा आवाज येत होता, म्हणून मी समजून होतो की घासतीय. आवाज लई वेळ येत राहिला. उठून गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली आणि पातेलं भरून वाहत होतं. मी आधी नळ बंद केला. माणसाकडं बघायचं सोडून मी आधी नळ बंद केला, दोन्ही हातांनी आवळून. त्या दिवसापासून मागचं दार उघडलं न्हाई. माझं एक ताट आणि एक वाटी मी न्हाणीत धुतो. पावसाच्या ओलीनं खड्डा थंडीपर्यंत निभावला असणार. मग वाळला.

हे सगळं मला कळलं होतं, आणि मी बाईंना सांगितलं न्हाई. चार दिवस. सांगितलं असतं तर मागं जावं लागलं असतं. मी त्यांना म्हणालो, लॅपटॉपखाली लाकडी पाट ठेवून बघा. म्हणालो, पायात चप्पल घाला. त्यांनी पाट ठेवला, चप्पल घातली, फुली मारली. शुक्रवारी वाण्याकडून रिकामी खोकी आणली आणि एकात पुस्तकं भरली.

शनिवारी सकाळी भिंतीतून त्यांचा फोन ऐकू आला. नवऱ्याशी बोलत होत्या. "नाही हो, जागा सोडायचं जिवावर येऊन राहिलं. काका बिचारे किती धडपडून राहिले माझ्यापायी."

बिचारे आणि धडपड. मला माझीच शिसारी आली. मी धडपडत कुठं होतो? लपत होतो.

मागच्या दाराची कडी गंजली होती. हातोडी घातली तेव्हा सरकली. परसात गवत माजून वाळलं होतं. दगडावर पालापाचोळा, आणि करवंटीत तिचा काथ्या तसाच. मी त्याच्याकडं बघितलं आणि कामाला लागलो, कारण नुसता उभा राहिलो असतो तर परत आत गेलो असतो. आतल्या बोर्डात एका बल्बची एक तार विजेला आणि दुसरी अर्थिंगला लावली. अर्थिंग धड असलं तर बल्ब झकास लागतो. बल्बातली तार नुसती लाल झाली, विझत आलेल्या विडीसारखी.

मग नळ. हातानं फिरेना. मीच आवळलेला. पान्हा लावला तेव्हा आधी वारा आला, मग गंजाचं तांबडं पाणी, मग स्वच्छ. दगडावरून उतरून खड्ड्यापाशी गेलं. माती एवढी तहानलेली होती की बुडबुडे आले.

आवाजानं बाई आल्या. "काका! हे काय करून राहिले?"

मी सगळं सांगितलं. खड्ड्याचं सांगितलं, चार दिवसांचंही सांगितलं. "मला ठावं व्हतं. मी आलो न्हाई हिकडं. तुमाला शिव्या घालायच्या असत्याल तर घाला."

त्या दगडाकडं बघत राहिल्या. "काकू इथंच?"

"व्हय. हितंच."

मग म्हणाल्या, "अन् मी येड्यासारखी रॅम पुसत बसली."

"पुसली ते बरं झालं. धूळ लई व्हती."

त्यांना हसू आलं, मग डोळे पुसले. मला रडणाऱ्या माणसापुढं काय करावं ते कळत न्हाई, म्हणून मी खड्ड्यात मूठभर खडेमीठ टाकलं. दुपारी पुन्हा बल्ब लावला. उजेड निम्म्याच्या वर गेला. रविवारी दिवसभर थोडं थोडं पाणी सोडलं आणि बल्ब पूर्ण लागला. लॅपटॉपवर उलटा हात ठेवला, शिरशिर न्हाई. बाई म्हणाल्या, "पण काका, एका दिवसावर कसा विश्वास ठेवायचा? आधी पण दोन दिवस चालला होता."

बरोबर बोलत होत्या. माझंच शिकवलेलं मला ऐकवत होत्या.

सोमवारी त्यांनी चार्जर लावला, मोठा पडदा जोडला. मी म्हणालो, मी फ्रीज बंद ठेवतो. त्या म्हणाल्या, "नाही, चालू राहू द्या. बंद ठेवला तर कशानं चाललं ते कसं कळणार?" मग मी त्यांच्या ओट्यावरची सगळी भांडी उचलली, माझी त्यात घातली, आणि मागं जाऊन दगडावर बसलो. खड्ड्याला पाणी लागणारच होतं, नुसतं सोडून कशाला वाया घालवायचं? खिडकीतून त्यांचं बोलणं येत होतं. निम्मं इंग्रजी, मला कळत न्हाई. पण थांबलं असतं तर मला कळलं असतं. दोनदा बाई गप्प झाल्या. दोन्ही वेळा माझा हात भांड्यावरच राहिला, आणि दोन्ही वेळा दुसरं कुणीतरी बोलत होतं. मधे फ्रीज घरघरला. बाई बोलतच होत्या.

घासताना एक गोष्ट मनाशी कबूल केली. लॅपटॉपचं कारण सापडलं, कारण त्याला परत परत चालू करून बघता आलं. एक गोष्ट बदलायची, वाट बघायची. मंडळीच्या त्या सकाळचं तसं करता येत न्हाई. ती सकाळ एकदाच झाली. आता मी तिच्या ओळी वाचत बसणार न्हाई असं म्हणत न्हाई, बसेन. पण त्यात कारण लिहिलेलं नसेल.

बाई बाहेर आल्या तेव्हा ऊन दगडावर आलं होतं.

"मिटिंग दोन तास चालली, काका. लॅपटॉप एकदाही नाही थांबला."

"साहेब काय म्हनला?"

"बुधवारीच या म्हणे. पहिल्यासारखं."

"बरं," मी म्हणालो. शेवटचं पातेलं विसळून पालथं घातलं.

त्यांनी घासलेला कुकर उचलला, उन्हात धरला, बुडाशी बोट फिरवलं. "हे काय, काका? खालून तर काळाच ठेवला!"

"बुडाला कोण बघतंय?"

"मी पाहते न!"

मी कुकर त्यांच्या हातातून परत घेतला.