काकांचं ग्रॅनाइट

“जपून बरं का, जड आहे,” असं म्हणत काका कपाखालची चकती आपल्यापुढे सरकवत. आपण मनगट घट्ट करून ती उचलायची आणि ती पापडासारखी भुर्रकन वर यायची. काका मात्र खिडकीबाहेर बघत बसलेले. चेहरा असा, की जणू सत्यनारायणाच्या पूजेला बसलेत.

दिसायला काळंकुळकुळीत ग्रॅनाइट, त्यात पांढरे, राखाडी ठिपके, वर चकाकी. आत मात्र साधं बूच. खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत काका बरोबर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचे, त्यामुळे मी बऱ्याचदा फसलो. तुम्हीही फसला असतात.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य यंत्रांची ड्रॉइंग्ज काढली. त्यांच्या हातची रेघ बघायला इतर खात्यांतले लोक यायचे, हे मला काकूंनी सांगितलं. निवृत्तीनंतर त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. लोकांकडे चहा सांडायला लागला, तसं त्यांनी लोकांकडे जाणंच सोडलं. मी बोलावलं की म्हणायचे, आज पित्त झालंय. ते पित्त वर्षभर टिकलं.

वेळ जावा म्हणून मुलीनं बुचाच्या चकत्या आणि रंग पाठवले. काकांनी एक चकती काळी रंगवली आणि कडेनं पांढरी रेघ ओढायला घेतली. रेघ भलतीकडे गेली. दुसरीही गेली. त्यांनी चिडून ब्रश झटकला, तर चकतीभर शिंतोडे उडाले. पोळ्या लाटता लाटता काकूंनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, हा तर आपला ओटा झाला.”

झालं. ब्रश गेला, जुना टूथब्रश आला. काकांनी गॅलरीत बसून तो रंगात बुडवून नुसता धरायचा, बाकीचं काम हात करायचा. मीही एकदा प्रयत्न केला. माझे ठिपके रांगोळीसारखे शिस्तीत पडले. “तुमचा हात फार सरळ आहे हो,” काका म्हणाले. “या कामाला नाही चालायचा.” इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

एकदा सोसायटीचे सेक्रेटरी गळतीची तक्रार घेऊन वर आले. मीही तिथेच होतो. सेक्रेटरींच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हातात भरलेला कप. काकांनी त्यांना चकती जरा इकडे द्यायला सांगितली, अर्थात जपून. सेक्रेटरींनी दुसऱ्या हातानं जोर लावला. चकती उडाली, कपावर आपटली आणि चहा शर्टावर. काकू फडकं घेऊन धावल्या. सेक्रेटरी ओशाळून माफी मागू लागले, तेव्हा काकांनी त्यांच्या गुडघ्यावर आपला थरथरता हात ठेवला.

“राहू द्या साहेब. माझंही सांडतं.”

हे त्यांनी चारचौघांत पहिल्यांदाच म्हटलं. पुढच्या रविवारी ते आपणहून माझ्याकडे आले. अर्धा चहा प्याले, अर्धा बशीत सांडला आणि मग बशीही प्याले.

यंदा मुलगी दोघांना कोल्हापूरला घेऊन गेली. फ्लॅटला कुलूप आहे. मध्यंतरी त्यांच्या गॅलरीखालच्या भिंतीवर सेक्रेटरींना पांढरे ठिपके दिसले. त्यांनी ताबडतोब कबुतरांसाठी जाळी लावून घेतली, माणूस बोलावून भिंत घासून घेतली. डाग हलेनात. असली चिवट कबुतरं आपण जन्मात पाहिली नाहीत, असं ते मला म्हणाले.

मीही मान वर करून, त्यांच्याबरोबर बराच वेळ गंभीरपणे कबुतरं शोधली.