खाडीचा नकाशा

तालुक्याच्या गावी चित्रांचं प्रदर्शन होतं. तिथं माझ्या नातीनं रंगवलेला आमच्या खाडीचा नकाशा भिंतीवर लावला होता. जमीन नुसती पांढरी, आणि पाणी मात्र निळं, नावांनी भरलेलं. रेती कुठे वर येते, भोवरा कुठे फिरतो, कुठल्या खडकाला जाळं अडकतं, सगळं तिनं मला विचारून लिहिलेलं. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण त्या पाण्याबद्दल मला कुणी शिकवायचं नाही.

बघता बघता एका वळणावर बोटभर जागा कोरी दिसली. तिथल्या खडकाशी तांबोशी मासळी मिळते. सख्खा भाऊ विचारून विचारून गेला, त्यालाही मी ती जागा सांगितली नाही.

"हे अर्धवट का सोडलंस गे?" मी मुद्दाम विचारलं.

"तिथवर आलं की तुम्ही दरवेळी तंबाखू मळायला लागायचात, आजोबा. म्हटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी आहे इथं. राहू दे."

लोक वाकून नावं वाचत होते आणि कोऱ्या जागेवरून पुढे जात होते. सरकारी नकाशात जे काढलेलं नाही ते नसतंच. हिनं मात्र तेवढं पाणी माझ्यासाठी झाकून ठेवलं होतं, उशिरा येणाऱ्याचं जेवण झाकून ठेवावं तसं.

एसटी स्टँडकडे चालताना मी तिला त्या खडकाचं नाव सांगितलं, आणि वर बजावलं, "तिथं रंग लावायचा नाही."

"नाही लावत. पण मला गळ टाकायला न्याल?"

"उद्या सकाळी ओहोटी आहे, लवकर ऊठ," मी म्हटलं.