परत हात लावायचा नाही

"सेट किती? आहे किती?"

फोन कानाला लावला की मास्तरांचे पहिले दोन प्रश्न हेच. पलीकडचा माणूस रडकुंडीला आलेला असो की शिव्या घालत असो, हे दोन आकडे मिळाल्याशिवाय मास्तर पुढे सरकत नसत.

आमची कंपनी लालबागच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात. भट्ट्या, ओव्हन, शीतगृहं यांचं तापमान सांभाळणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. मी तक्रारींचे फोन घेते, मास्तर सर्व्हिस इंजिनिअर होते. नाव अर्थातच वेगळं होतं. पण दिसेल त्याला शिकवायची खोड, म्हणून मास्तर. असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. मी गिरगावातली बी.कॉम. झालेली बाई, मलाही त्यांनी सोडलं नाही.

"ताई, कंट्रोलरवर दोन आकडे दिसतात. एक आपल्याला हवं ते, तो सेटपॉइंट. दुसरा भट्टीत खरोखर आहे ते. दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच आपलं काम."

"म्हणजे लग्न जुळवायचं," मी म्हणाले.

"लग्न एकदा जुळवलं की सुटलो. इथे दर सेकंदाला जुळवायचं."

एकदा शिवडीहून एका कारखानदाराचा फोन आला. रंग भाजायच्या भट्टीत पत्रे काळे पडले होते, आणि आमचा कंट्रोलर दाखवत होता चाळीस. त्याने आमच्या सात पिढ्या उद्धरल्या. मास्तर शांत. "भाऊ, सेन्सर कुठंय?" भट्टीतच आहे म्हणे. "कोण बोललं?" ऑपरेटर बोलला. "त्याचं राहू दे. तू स्वतः जाऊन बघ." जरा वेळाने आवाज एकदम नरम आला, "साहेब, बाहेर लोंबतोय."

"मग बाहेरचंच सांगणार ना तो बिचारा," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवून त्यांनी चहा मागवला.

दसऱ्याला गाळ्यात यंत्रांची पूजा व्हायची. मास्तर बौद्ध, हात जोडत नसत, पेढ्याला मात्र कधी ना नव्हती. कंट्रोलरच्या आकड्यावर कोणी झेंडूचं फूल चिकटवलं की ते हळूच बाजूला सरकवायचे. "पूजा तुमची, आकडा माझा."

त्यांचा आवडता धडा वेगळाच होता. "हीटरचा नॉब फिरवला की आकडा लगेच हलत नाही. उष्णता पोचायला वेळ लागतो. घाबरट माणूस तेवढ्यात परत फिरवतो, मग आणखी एकदा, आणि शेवटी सगळंच बोंबलतं. एकदा बदललं ना, परत हात लावायचा नाही. खुर्ची घ्यायची आणि आकड्याकडे बघत बसायचं." हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की घरी भाताचं झाकण उघडतानाही माझा हात थबकायचा.

नायगावच्या चाळीत ते एकटेच राहत. बायको आधीच गेलेली. एकुलत्या मुलीने त्यांच्याच लाइनीतला डिप्लोमा केला, नोकरी धरली आणि सोडली. अँटॉप हिलला मैत्रिणीच्या घरी केक बनवायला लागली. मास्तर तिला बोलले, "केक भाजायला डिप्लोमा केलास? मग राहा तिथेच." तशी ती तिथेच राहिली.

एकदा डबा खाताना मी म्हणाले, "अहो मास्तर, केकलाही ओव्हनच लागतो की. तीही तेच दोन आकडे बघत असेल." घास हातात धरून ते थांबले. मग इतके हसले की ठसका लागला.

त्याच दुपारी त्यांनी माझ्या टेबलावरून मुलीला, त्या मैत्रिणीच्या घरी, फोन लावला. तो मैत्रिणीने उचलला. "तिला सांग, बाबा म्हणाले माझं चुकलं. रविवारी ये घरी." फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. दिवाळी तोंडावर आली होती.

तो रविवार गेला. नंतरचेही बरेच गेले.

"परत करा ना फोन," मी म्हणायचे.

"एकदा केलाय, ताई. पोचायला वेळ लागतो."

"अहो, मुलगी आहे ती. भट्टी नाही."

त्यावर ते फक्त हसायचे. ऑपरेटरच्या शब्दावर कधी विश्वास न ठेवणारा हा माणूस, मैत्रिणीच्या "सांगते काका"वर होळी उलटून गेली तरी बसून राहिला. मला तेव्हा राग यायचा, अजूनही येतो. नियमबियम काही नव्हता तो. परत फोन केला आणि ती नाही म्हणाली तर, ही भीती होती.

उन्हाळ्यात एका सकाळी ते कामावर आले नाहीत. झोपेतच गेले, असं शेजाऱ्यांनी कळवलं.

काही दिवसांनी मुलगी त्यांची हत्यारांची बॅग न्यायला आली. वडिलांसारखीच उंच, सावळी. बॅग मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

"बोलायचे काय! फोन केला होता ना तुला, दिवाळीच्या आधी."

"मला? नाही."

"तुझ्या मैत्रिणीने घेतला होता."

दिवाळीच्या ऑर्डरींच्या गडबडीत मैत्रीण विसरली असावी, दुसरं काय. मैत्रिणीला तिने दोष दिला नाही. तिने एवढंच विचारलं, "काय म्हणाले?"

मी सांगितलं.

"माझं चुकलं, असं म्हणाले? बाबा?"

"इथेच उभे होते. ह्याच फोनवरून."

ती फोनकडे बघत राहिली. मग बॅग खाली ठेवून म्हणाली, "मी रोज वाट बघत होते हो. परत एकदा सांगा ना, ते बोलले तस्सं."

मी परत सांगायला लागले. 'रविवारी ये'पर्यंत आले आणि मला पुढचं 'घरी' म्हणता येईना.