पोदेराचा भोंगा

सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकला की मला मुळगावची ती खोली आठवते. खाणीची तांबडी धूळ येते म्हणून खिडक्या बंद, आत ओव्याची धुरी, मांडीवर रडणारं बाळ आणि दारात सासूबाई. बाळंतिणींची विचारपूस करत फिरणाऱ्या शांताताईंनी "कशी आसस?" विचारलं की सासूबाईच सांगायच्या, "बरी आसा ती."

एकदा भोंगा वाजला आणि ताई म्हणाल्या, "माका चायबरोबर पाव होयो गो. बाळाक मी घेतंय, तू घेवन ये."

पाहुणीला नाही कोण म्हणणार? बाळंतपणानंतर दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी रस्त्यावर उभी राहिले. गरम पाव छातीशी धरले आणि घराकडे पाय वळेचनात.

तेव्हा त्या मला खादाड वाटल्या. पाव मात्र त्यांनी तसाच ठेवला होता.

आता बाळंतिणींकडे मी जाते, पोदेराची वेळ साधून.